कधी सुरू, कधी ढिम्म: जुन्या डिझेल जीपसाठी नाना पेठेतले सेल्फ-डायनामोचे एक दुकान

पुण्याच्या नाना पेठेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत, सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटर) आणि डायनामो (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) यांच्या दुरुस्तीचे एक अरुंद दुकान आहे. हाताशी आहे तेच काम पुरे होत नाही, नाव कुठे छापू नका, असे मालकांनीच सांगितल्यामुळे मी ते देत नाही. त्यांच्या कामाची पद्धत मात्र सविस्तर लिहिण्याजोगी आहे, कारण कधी सुरू होणाऱ्या आणि कधी मुळीच न होणाऱ्या डिझेल गाडीचा बिघाड शोधायला जी शिस्त लागते, ती मला इतरत्र क्वचितच आढळली.

माझी गाडी महिंद्राची एमएम ५४० आहे. तिचे इंजिन पेजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेले एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८३ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि २११२ सीसी. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता शेजारच्या लहान कक्षात फवारले जाते, त्यामुळे इंजिन थंड असताना त्याला हीटर प्लगची, म्हणजे तो कक्ष तापवणाऱ्या विजेच्या कांडीची, मदत लागते. शिवाय सेल्फने ते पुरेशा वेगाने फिरवले नाही, तर दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापतच नाही. सुरू न होण्याला बॅटरी, तारा, सेल्फ, हीटर, डिझेलची लाईन यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते, आणि तक्रार रोज दिसत नसेल तर प्रत्येक मिस्त्रीला आपापल्या आवडीचा भाग बदलण्याची मुभा मिळते.

माझ्याबाबतीत तेच झाले होते. गाडी कधी एका झटक्यात सुरू होई, कधी चावी फिरवल्यावर सेल्फमधून नुसते ‘टक्’ येई, तर कधी सेल्फ खणखणीत फिरूनही इंजिन बराच वेळ पेट घेत नसे. आधीच्या एका गॅरेजने प्रथम बॅटरी बदलली, नंतर सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश नवे घातले. दोन्ही वेळा गाडी काही दिवस नीट चालली आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली.

नाना पेठेतल्या दुकानात पहिली गोष्ट झाली ती तक्रारीची फोड. मालकांनी मला दोन प्रश्न विचारले: गाडी रुसते तेव्हा सेल्फ फिरतो की नाही, आणि रात्री ती कशी उभी असते? दुसरा प्रश्न तेव्हा मला विचित्र वाटला होता. सेल्फ न फिरणे आणि सेल्फ फिरूनही इंजिन न पेटणे या दोन तक्रारी एकाच दोषाच्या असतीलच असे नाही, हे त्यांनी गाडीला हात लावण्याआधी स्पष्ट केले. मग म्हणाले, “साहेब, बिघाड डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी पाना लावणार नाही. गाडी ठेवून जा.” ही अट ऐकून परत जाणारी गिऱ्हाइके असणार. मला मात्र तिथेच भरवसा वाटला.

तपासणी ज्या दिवशी जमली त्या दिवशी मी हजर होतो. गाडीने ‘टक्’ केले, आणि इतर मिस्त्री मारतात तसे हातोडीने सेल्फवर टोले न मारता त्यांनी आधी बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मीटर लावून दुकानातल्या मुलाला चावी धरून ठेवायला सांगितली. व्होल्टेज बारापासून फारसे हललेच नाही. सर्वसाधारण माणूस यावरून बॅटरी उत्तम आहे एवढेच म्हणेल, परंतु त्यांचा निष्कर्ष पुढचा होता. निरोगी सेल्फ डिझेल इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर ओढतो आणि बॅटरी साधारण दहा-अकरा व्होल्टपर्यंत दबतेच. ती दबत नाही याचा अर्थ प्रवाह वाटेत कुठेतरी अडला आहे. मग सोलेनॉइडच्या (सेल्फला मुख्य प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक तारेवर अकराच्या वर व्होल्टेज पोहोचत असल्याचे पाहून त्यांनी चावीचा स्विच संशयातून काढून टाकला, जाड लाल केबल दोन्ही टोकांना मोजून तीही सोडून दिली, आणि शेवटी मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर व दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर टेकवली. सेल्फ मारताना तिथे जेमतेम पाव व्होल्ट दिसायला हवा. दिसले सहापेक्षा जास्त.

यानंतर त्यांनी जे केले ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. चावी आणखी काही क्षण धरून ठेवायला लावली आणि बॉनेटखाली अॅक्सिलरेटरच्या केबलला बोट लावले. केबल चांगलीच कोमट झाली होती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा चासीशी विजेचा संबंध एका पट्टीने जोडावा लागतो. ती अर्थिंगची पट्टी काम करत नसेल, तर सेल्फचा प्रवाह परतीच्या वाटेसाठी अॅक्सिलरेटर किंवा स्पीडोमीटरच्या केबलसारखी मिळेल ती बारीक वाट धरतो आणि ती तापते. खातरजमा म्हणून त्यांनी जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह सरळ ब्लॉकला जोडला, आणि सेल्फ लगेच दणक्यात फिरला.

दोष पट्टीत नव्हता, तिच्या बैठकीत होता. चासीवर पूर्वी कुणीतरी गंजरोधक रंग चढवला होता आणि पट्टीचा बोल्ट त्या रंगावरूनच आवळला होता. वॉशरचे दात जिथे रंग फोडून धातूला लागत, तेवढाच संपर्क. इंजिन हलले, ऊन लागले, चिखलपाणी शिरले की तो कधी जुळे, कधी सुटे. सेल्फ उतरवून पुन्हा बसवताना आसपासचे बोल्ट हलले की काही दिवस बरे वाटणारच, हेही त्यातून उलगडले. अशा जोडाचा ओहम मोजून उपयोग नसतो, कारण मीटरच्या नगण्य प्रवाहाला तो ठीकच वाटतो; २०० अँपिअर वाहू लागले की ओहमच्या शंभराव्या भागाचा अडथळासुद्धा २ व्होल्ट खातो. म्हणूनच गाडी रुसलेली असतानाच, चावी धरून मोजणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

दुरुस्ती साधी होती. रंग खरवडून लखलखीत धातू उघडा केला, तांब्याची नवी विणलेली पट्टी बसवली, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत एक जाड केबल स्वतंत्र ओढली. माझ्या मते जुन्या जीपमध्ये ही जादा केबल सर्वांनीच घालून घ्यावी.

दुसरी तक्रार त्यांनी जवळजवळ बसल्या जागी सोडवली. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, हे त्यांनी पाहिले. पांढरा धूर आला तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे हीटर किंवा कॉम्प्रेशनकडे बघायचे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. आमच्याकडे धूर नव्हता. हीटर प्लग तरीही टेस्ट लॅम्पने तपासले गेले व ठीक निघाले. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यावर त्यातून बुडबुड्यांची माळच जाताना दिसली. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. ही बाजू ओढणारी असल्यामुळे इंजिन चालू असताना भेगेतून डिझेल बाहेर न ठिबकता हवाच आत शिरते, म्हणून गाडीखाली कधी डाग दिसला नव्हता. आणि रात्री गाडी कशी उभी असते, या प्रश्नाचे उत्तरही इथेच होते: आमच्या इमारतीच्या चढावर नाक वर करून उभी केली की लाईनमधले डिझेल रात्रभरात मागे टाकीत उतरत असे, सपाटीवर तसे होत नसे. पाइप आणि क्लिपा बदलल्या, हातपंपाने हवा काढली.

उणिवाही आहेत. तपासणीची मजुरी वेगळी घेतली जाते, आणि दोष सापडला तरी वा न सापडला तरी ती द्यावी लागते. मला ती रास्त वाटली, कारण एकूण खर्च मी आधी विनाकारण घेतलेल्या बॅटरीपेक्षा बराच कमी झाला. बिल मात्र एका ओळीचे मिळते. गाडी केव्हा मिळेल हे सांगत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि त्या गल्लीत जीप लावायला जागा शोधणे हे ताम्हिणीच्या चिखलापेक्षा अवघड ऑफ-रोडिंग आहे. डिझेल फवारणाऱ्या पंपाचे आणि नॉझलचे काम ते करत नाहीत, त्यासाठी दुसरीकडेच जावे लागते. माझी सर्वांत मोठी तक्रार कामाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे: नव्या केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) उष्णतेने आकसणारी नळी न चढवता त्यांनी नुसती काळी टेप गुंडाळली. शहरात फिरणाऱ्या गाडीला ती पुरेल, पण ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत टेपखाली पाणी साचून तांबे हिरवे पडायला एक पावसाळा पुरतो. नळी आपण नेऊन दिली तर ते विनातक्रार चढवून देतात.

तिथे जाणाऱ्याने बॅटरीची टर्मिनल आदल्या दिवशी घासूनपुसून नेऊ नयेत, नाहीतर बिघाडच लपतो, आणि शक्य असेल तर गाडी संध्याकाळीच नेऊन ठेवावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनावर पहिली चावी त्यांच्यासमोरच फिरते.