तुर्भे एमआयडीसीची द्रव नायट्रोजन पोच-सेवा: कॉम्प्टन मापनासाठी चालेल का?

पुरवठादाराचं नाव देत नाही, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या लॅबवाल्यांना अंदाज येईल.

आधी गरज काय ते. कॉम्प्टन मापनात गॅमा किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून ऊर्जा गमावतात, आणि घन पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचा संवेग विखुरलेल्या किरणांच्या ऊर्जा-शिखराच्या रुंदीत दिसतो. अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी स्रोताचे ५९.५४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण १६५ अंशांत विखुरले की ४८.४ च्या आसपास येतात, आणि तिथे १ अणु-एकक संवेग म्हणजे जेमतेम ०.६३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. शिखर ६० इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकलं तरी ०.१ एककाची चूक. त्यात स्रोत दुबळा, मोजणी दिवसेंदिवस चालते. तेवढा वेळ किरण मोजणारा जर्मेनियम डिटेक्टर द्रव नायट्रोजनने गार राहायलाच हवा.

गाडी उशिरा येते ही सगळ्यांचीच तक्रार. आमच्या मते ती किरकोळ आहे. डिटेक्टरखालचा ३० लिटरचा देवार (द्रव नायट्रोजनचा थर्मॉससारखा पिंप) रोज साधारण दीड लिटर पितो, दर आठवड्याला भरत असाल तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही. खरी अडचण अर्धवट भरण्याची. गरम नळीतून सुरुवातीचा बराच नायट्रोजन वाफ होऊन जातो, तोही बिलात लिटर म्हणून लागतो. देवार काट्यावर ठेवूनच घ्या: १ लिटर म्हणजे ०.८ किलो, म्हणजे ३० लिटरला सुमारे २४ किलो. माणूस कुरकुरतो, पण वजन करू देतो.

दोन वेळा कमी भरलं आणि तिसऱ्यांदा गाडी चुकली की डिटेक्टर तापतो. मग हाय व्होल्टेज लगेच बंद करा. अर्धवट तापलेला डिटेक्टर घाईने पुन्हा गार करू नका. सुटलेले वायू स्फटिकावर बसतात आणि गळती-प्रवाह (डिटेक्टरमधून उगाच वाहणारी वीज) वाढतो. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच भरा.

भरताना मोजणी थांबवा. उकळीच्या बुडबुड्यांचा थरथराट सिग्नलमध्ये उतरतो आणि शिखर उगाच रुंद दिसतं. पावसाळ्यात देवारच्या तोंडाशी बर्फ साचून वाफेची वाट बंद होते, आत दाब चढतो. तो बर्फ काढायला पुरवठादाराची माणसं विसरतात.

लिफ्टमध्ये मात्र देवार एकटाच पाठवतात, सोबत कोणी चढत नाही. बंद जागेत नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एकूण सेवेला पाचपैकी साडेतीन गुण. वार ठरवताना सोमवार मागा, शुक्रवारी चुकलेली गाडी थेट सोमवारीच येते.