दार की डिकी? लहान मुलांसोबतचा हॅलोविन

न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि घरात दोन ते सात वर्षांची मुले असणाऱ्या कुटुंबांसमोर ऑक्टोबर उजाडताच एक प्रश्न येतो. हॅलोविनला, म्हणजे ३१ तारखेच्या संध्याकाळी, मुलांना निरनिराळे पोशाख घालून आपल्याच गल्लीत दारोदार खाऊ मागत फिरायचे, म्हणजे रीतसर ट्रिक ऑर ट्रीट करायचे, की त्याआधीच्या शनिवारी एखाद्या शाळेच्या नाहीतर चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये भरणाऱ्या ट्रंक ऑर ट्रीटला जायचे, जिथे ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांच्या सजवलेल्या डिक्यांमधून खाऊ वाटला जातो? आम्ही दोन वर्षे डिकीचा आणि तीन वर्षे दाराचा अनुभव घेतला. एकाच घरातील दोन मुलांवरून काढलेले हे निष्कर्ष आहेत, त्यामुळे ते त्याच बेताने घ्यावेत. मॉलमधल्या दुकानांची फेरी हा तिसरा पर्याय आहे खरा, परंतु तो मुसळधार पावसासाठी राखून ठेवलेला बरा.

डिकीची बाजू आधी मांडतो, कारण ती कागदावर निर्विवाद वरचढ दिसते. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळे अमेरिकेत २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतली जातात, म्हणजे हॅलोविनला ती पुढेच असतात, तरीही ३१ ऑक्टोबरला आमच्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. ऑफिसमधून परतून मुलांना पोशाख चढवेपर्यंत बाहेर काळोख झालेला असतो. त्यातच तारीख पक्की असल्यामुळे वार कोणताही येतो आणि तो सहसा कोणी बदलत नाही. २०१२ मध्ये सँडी वादळामुळे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी आदेश काढून आमच्या राज्यातील हॅलोविन ५ नोव्हेंबरला ढकलला होता, पण तेवढे वादळ दरवर्षी येत नाही. याउलट ट्रंक ऑर ट्रीट बहुधा सुटीच्या दिवशी, दुपारच्या उजेडात, वाहतूक बंद केलेल्या जागेत होते. हा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातनोंदींच्या अभ्यासात असे आढळले, की आजूबाजूच्या इतर संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त असतो.

अनोळखी माणसाने खाऊत काही मिसळले तर, ही दुसरी भीती मात्र मला तितकी पटत नाही. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक दशकांच्या बातम्या तपासल्या आहेत आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याचे एकही सिद्ध झालेले उदाहरण त्यांना सापडलेले नाही. तेव्हा भ्यायचेच असेल, तर कॅन्डीपेक्षा मोटारींना भ्यावे.

शेंगदाण्याची किंवा इतर ॲलर्जी असलेल्या मुलांच्या बाबतीतही डिकीचे पारडे जड ठरू शकते, कारण शाळा आधीच सूचना पाठवते आणि पालक बहुतांशी ती पाळतात. दारोदार फिरताना निळसर-हिरवा भोपळा शोधावा लागतो. खाण्याचे नसलेले काहीतरी, म्हणजे स्टिकर किंवा पेन्सिल, येथे मिळेल अशी ती खूण असून २०१४ पासून ती देशभर रुजवण्याचा प्रयत्न चालू आहे. आमच्या गल्लीत तसा भोपळा एकाच घरासमोर असतो. शाकाहारी घरांचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच राहतो. स्टारबर्स्ट, बहुतेक गमी बेअर आणि कॅन्डी कॉर्न या गोळ्यांमध्ये प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असते, स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि ही वर्गवारी मुले झोपल्यावर आईवडिलांनाच जेवणाच्या टेबलावर बसून करावी लागते.

एवढे सगळे डिकीच्या बाजूने असूनही आम्ही तिच्याकडे पाठ फिरवली, त्याचे कारण सांगायला थोडे संकोचल्यासारखे होते. ते कारण म्हणजे रांग, आणि रांगेत लागलेली शू.

त्या वर्षी चार वर्षांच्या मुलीने डायनासोर व्हायचे ठरवले होते. अंगभर एकसंध पोशाख, त्याची चेन मानेपासून कमरेखालपर्यंत पाठीमागून जाणारी, वर शेपटी आणि खाली थंडीसाठी घातलेले दोन थर. पार्किंग लॉटमध्ये दोऱ्या बांधून एकेरी वाट आखलेली होती, म्हणजे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत सर्वांनी त्याच क्रमाने सरकायचे होते. अर्धा तास उभे राहिल्यावर आमची अकरावी का बारावी डिकी आली आणि तेवढ्यात डायनासोरने माझा हात ओढून कानात सांगितले. शनिवार असल्यामुळे शाळेची इमारत कुलूपबंद होती. लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकची दोन फिरती शौचालये होती आणि त्यांच्यासमोरही रांगच होती. त्या अरुंद खोक्यात शेपटीसकट शिरून, अंधुक उजेडात, अडकलेली चेन खाली ओढताना माझी जी त्रेधातिरपीट उडाली, तिचे वर्णन येथे करीत नाही. वेळेवर काम झाले, हे नशीब. परत आलो तेव्हा आमची जागा अर्थातच गेलेली होती आणि पुन्हा पहिल्या गाडीपासून सुरुवात करावी, असे एका स्वयंसेवकाने अत्यंत सौजन्याने सुचवले. मुलीने नकार दिला आणि आम्ही घरी आलो.

या प्रसंगात दोष कोणाचाच नव्हता, हे मान्य आहे. परंतु त्या रांगेत माझ्या लक्षात आले, की अर्ध्या तासात मुलगी कोणाशी एक शब्दही बोललेली नव्हती. मागून गर्दी सरकत असल्यामुळे वाटणाऱ्यांनाही थांबायला सवड नसते. ते पिशवीत कॅन्डी टाकतात आणि पुढच्या मुलाकडे पाहतात. शिवाय सहभागी व्हायचे तर गाडी सजवून आणावी लागते आणि आईवडिलांपैकी एकाला पूर्ण वेळ डिकीपाशी उभे राहावे लागते, त्यामुळे सण कुटुंबाचा असला तरी कुटुंब दोन ठिकाणी असते.

दारोदारच्या फेरीत घर कायम तीन-चार मिनिटांवर असते. कंटाळा आला, पोशाख टोचला, नाक वाहू लागले, की मागे फिरावे आणि वाटल्यास पुन्हा निघावे. पोर्चचा दिवा लागलेला असेल तर जायचे, अंधार असेल तर पुढे सरकायचे, हा नियम दोन वर्षांच्या मुलालाही दुसऱ्या-तिसऱ्या घरी समजतो. लहानपणी दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन आम्ही असेच घरोघर जात असू, तेव्हा मला या रीतीत परके असे फारसे काही वाटत नाही. आमच्या समोरचे एक आजोबा ड्राइव्हवेवर घडीची खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक मुलाला तू कोण, काय खातोस, कुठे राहतोस असे विचारल्याशिवाय परातीएवढ्या भांड्याला हात लावू देत नाहीत. त्याआधी तीन वर्षांच्या शेजारात त्यांचा कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर येतो, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

२०२४ मध्ये तर आमच्याकडे लक्ष्मीपूजन नेमके ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आले. पोर्चवर आकाशकंदील, पायरीवर पणत्या आणि त्यांच्या शेजारी कोरलेला भोपळा अशी मांडणी झाली. लक्ष्मी यावी म्हणून दार उघडे ठेवले होते, तर पूजा चालू असतानाच लागोपाठ तीन स्पायडरमॅन आले. त्यांना कॅन्डीबरोबर करंजीही देऊ केली. दोघांनी नको म्हटले, एकाने घेतली.

अर्थात अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या रस्त्याला पदपथ नाही आणि गाड्या वेगाने जातात त्यांना, मी डिकीच सुचवीन. दोन वर्षांखालील मुलासाठीही ती पुरेशी आहे, कारण त्याला दार आणि डिकी यांतला फरक कळत नाही. इतरांनी निदान एकदा आपल्या गल्लीत साडेपाचला निघून पाहावे, मुलांच्या हाती टॉर्च द्यावा आणि दहा-बारा घरांवर थांबावे. काहीही ठरवले तरी पोशाख मात्र दोन तुकड्यांचा घ्यावा.