‘फॅक्टरी ओरिजिनल’ २४०डी आणि लॅमिनेट केलेलं कार्ड: जुनी मर्सिडीज घेणाऱ्यांनी वाचा

जुनी मर्सिडीज घ्यायच्या विचारात कोणी असेल, खास करून डब्ल्यू १२३ (२००डी, २४०डी, ३००डी ह्या सगळ्या त्याच मॉडेलच्या), तर टोकन देण्याआधी हे वाचा. लांबलंय जरा, पण आमचे जे पैसे गेले ते बघता तुमची दहा मिनिटं काहीच नाहीत.

गाडी मामाने घेतली. मामा आमचा पेडण्याचा, उमेदीची सगळी वर्षं बहारीनला काढली, तिथे साहेबांच्या डब्ल्यू १२३ वर ड्रायव्हर होता आणि तेव्हापासून डोक्यात एकच, रिटायर झालो की अशीच एक आपल्या दारात उभी करायची. मामीला नको होती, पोरांना नको होती, मला हवी होती, म्हणून गाड्या बघायला तो मलाच घेऊन फिरायचा. तर पर्वरीकडे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक जण आहे (नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय), त्याच्याकडे एक पांढरी २४०डी होती, १९७९ ची, राइट हँड, चार गिअरची मॅन्युअल. दिल्लीत कुठल्यातरी वकिलातीत होती, मग एसटीसीच्या (सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावातून सुटली, असं तो म्हणाला. हे खरं असू शकतं, तेव्हा वकिलातींच्या गाड्या तशाच विकल्या जायच्या, म्हणून आम्हालाही पटलं.

त्याचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं. "अंकल, अशी गाडी अख्ख्या गोव्यात दुसरी नाही." सनरूफ फॅक्टरीचा, चारही पॉवर विंडो फॅक्टरीच्या, एसी फॅक्टरीचा, रंग फॅक्टरीचा. आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरपेटी) म्हणे ३.४६ रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.४६ फेरे, आकडा कमी तितकं इंजिन निवांत), जो ३००डी ला येतो, पहिल्या साहेबाने स्पेशल ऑर्डर देऊन घालून घेतलेला, त्यामुळे हायवेला इंजिन ओरडत नाही. पुरावा म्हणून डेटा कार्ड. मर्सिडीजच्या प्रत्येक गाडीचं असं एक कार्ड कंपनीच्या दप्तरी असतं, त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, रंगाचा कोड आणि फॅक्टरीत बसवलेल्या ऑप्शनांचे तीन आकडी कोड. ह्याच्या कार्डवर ४१२ म्हणजे विजेवरचा सनरूफ, ५८० म्हणजे एसी, ५८४ म्हणजे चार पॉवर विंडो, रंग ७३७ म्हणजे क्लासिक व्हाइट, सगळं जर्मनमध्ये, आणि वरून लॅमिनेट केलेलं. मामाने ते कार्ड असं हातात धरलं होतं की मला वाटलं आता कपाळाला लावतो.

साध्या २४०डी ला जो भाव चालतो त्याच्यावर दोन लाख ह्याने ह्या ऑप्शनांचे लावले. शिवाय एक पुडी सोडली, की अंकल ही व्हिंटेज आहे, व्हीए सिरीजची, म्हणजे व्हिंटेज गाड्यांची खास नंबरप्लेट आरामात मिळेल. ही पुडी बरेच जण सोडतात म्हणून सांगतो, २०२१ साली केंद्राने जो व्हिंटेज गाड्यांचा नियम केला त्यात पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली असायला लागतात, १९७९ च्या गाडीला २०२९ उजाडेल, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत हीही अट आहे. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली शंका आली ती नव्या झुआरी पुलावर. मामा चालवत होता, काटा ८० वर, आणि मी सहज मोबाइलवर जीपीएसचा स्पीड बघितला तर ७५. मामा म्हणाला जुना काटा आहे, असायचंच. पण इंजिनचा आवाज त्याला पण खटकत होता, बहारीनला ३००डी पण चालवलेली त्याने, ३.४६ वर गाडी ८० ला कशी निवांत असते ते त्याला पायाला माहीत. ही तर चौथ्या गिअरमध्ये सुद्धा पाचवा मागत होती. नंतर मिरगाचा पाऊस लागला आणि फॅक्टरीच्या सनरूफातून पाणी सरळ मामीच्या मानेवर. मामीने त्या दिवशी जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग गाडी फोंड्याला नेली, तिथे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, मर्सिडीजवरच हात बसलेला. त्यांनी कार्ड बघितलंच नाही, बाजूला ठेवलं. गाडी न्यूट्रलला, उजवं मागचं चाक जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड, डावं मागचं चाक जॅकने उचलून खाली स्टँड. हँडब्रेक सोडलेला. टायरवर खडूने एक रेघ, प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) एक रेघ. मला म्हणाले तू चाक फिरव, मोजून २० वेळा, मी शाफ्ट मोजतो. एक चाक जमिनीला अडकलेलं असलं की शाफ्ट निम्मा फिरतो, म्हणजे उचललेल्या चाकाचे २० फेरे हे हिशोबाला १० धरायचे. ३.४६ असता तर शाफ्ट साडेचौतीसच्या आसपास फिरला असता. २४०डी चा नेहमीचा ३.६९ असता तर सदतीसला थोडा कमी. आमचा शाफ्ट ३९ च्या पुढे गेला. म्हातारे आडवे पडल्या पडल्याच म्हणाले, "बाब, हें ह्या गाडयेचें न्हय."

दोनच फेरे फिरवून मोजला असता तर साडेतीन-चार काहीतरी असं म्हणून सोडून दिलं असतं, हे रेशो एकमेकांच्या इतके जवळ आहेत की जास्त फेऱ्यांशिवाय फरक कळतच नाही. विकणाऱ्यासमोर हीच टेस्ट करा म्हणून सांगा, तो जॅक नाही म्हणाला तर समजून जा.

डिफरन्शियलच्या हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, रेशोचा आकडा ठोकलेला असतो, खालच्या कडेला, आणि जर्मन पद्धतीने दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. आमच्या हौसिंगवर तिथे काळ्या रंगाचा जाड थर, त्याच्याखाली पुट्टी. डिफरन्शियलला पुट्टी कोण लावतो हो? स्क्रूड्रायव्हरने खरवडून वायर ब्रश मारला तेव्हा ३,९२ निघाला. हा २००डी चा रेशो, कमी ताकदीच्या इंजिनाला ओढ मिळावी म्हणून दिलेला. तरी म्हाताऱ्यांनी मागचं कव्हर उघडून क्राऊन आणि पिनियनचे (आतल्या मोठ्या आणि लहान गिअरचे) दात मोजले, ४७ आणि १२, भागा बघू, ३.९२ च. ३.६९ चा असता तर ४८ ला १३ आले असते. आता स्पीडचं पण कोडं सुटलं, काटा चालतो गिअरबॉक्सवरून, तो ३.६९ च्या हिशोबाचा, मागे ३.९२ बसवला की शाफ्ट जास्त फिरतो आणि काटा सहा टक्के पुढे बोलतो. किलोमीटर पण तेवढेच फुगतात. इंजिन ८० ला दीडशेक आरपीएम उगाच जास्त.

मग एकेक उघडायला घेतलं. पॉवर विंडोची बटणं दारावर होती. डब्ल्यू १२३ ला फॅक्टरीच्या पॉवर विंडोची बटणं गिअर लिव्हरजवळ कन्सोलवर येतात, हे मामाला माहीत होतं, पण विक्रेत्याने त्याला सांगितलं की राइट हँडला वेगळं असतं. नसतं. दाराचं पॅड काढलं तर हँडलचं गोल भोक तसंच, आतून चिकटपट्टी. सनरूफची मोटर फॅक्टरीच्या गाडीत डिकीत असते, आणि कोपऱ्यांतून पाणी जायला नळ्या असतात. आमच्याकडे मोटर छतातच, नळ्या नाहीतच, छताचं कापड उचललं तर पत्रा ग्राइंडरने कापलेला, कडेला रेड ऑक्साइड. म्हणजे चांगलं छत कापलं आणि वर त्याचे पैसे घेतले. एसीचं काय सांगू, डॅशच्या खाली लटकवलेला, तो कुठूनही फॅक्टरीचा वाटत नाही, पण कार्डवर ५८० दिसला की माणूस वाकून बघत नाही.

खरा पुरावा समोरच होता, रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर. तिथे एक छोटी प्लेट रिव्हेट मारलेली असते, तिच्यावर बॉडी नंबर, रंगाचा कोड आणि ऑप्शनांचे कोड. आमची प्लेट रंगाखाली बुडवलेली. थिनरच्या फडक्याने हळूहळू पुसली (सँडपेपर मारू नका, आकडे जातात) आणि त्यावर निघालं ५७०, ५९२ आणि रंग ९०४. ५७० म्हणजे पुढचा हाताचा टेकू, ५९२ म्हणजे हिरवट काचा, ९०४ म्हणजे गडद निळा. डिकीचं रबर उचललं तर खाली निळा रंग अजून शाबूत. गडद निळी, साध्या खिडक्यांची, सनरूफ नसलेली २४०डी, हिरवट काचा आणि टेकूसकट. गाडी वाईट नव्हती हो ती. तशीच विकली असती तर मामाने तशीच घेतली असती.

आणि कार्ड? कार्डवरचा चासी नंबर आरसीशी जुळतो असं आम्हाला दाखवलेलं, शेवटचे सहा आकडे बोट ठेवून. मधले दोन आकडे पण समोरच होते, पण त्यांचा अर्थ तेव्हा ठाऊक नव्हता. १९७९ च्या नंबरात १२३१२३ नंतर दोन आकडे येतात, पहिला स्टिअरिंगचा, १ म्हणजे डावं आणि २ म्हणजे उजवं, दुसरा गिअरबॉक्सचा, ० म्हणजे मॅन्युअल आणि २ म्हणजे ऑटोमॅटिक. आरसीवर आणि बॉडीवर २०. कार्डवर १२. म्हणजे हे कार्ड कुठल्यातरी लेफ्ट हँड ऑटोमॅटिकचं, शेवटचे आकडे बदलून छापलेलं, आणि मधले दोन बदलायचे पठ्ठ्या विसरला, किंवा त्यालाही अर्थ माहीत नसावा. १९८१ च्या आसपासपासून डब्ल्यूडीबी ने सुरू होणारा नंबर आला, त्यात स्टिअरिंगचा आकडा राहिला, गिअरबॉक्सचा गेला आणि त्याच्या जागी कारखान्याचं अक्षर आलं, तेव्हा नंतरच्या गाडीला ही युक्ती अर्धीच चालते. मालकीचे कागद देऊन मर्सिडीजकडून खऱ्या कार्डाची प्रत मागवता येते, मामाने मागवली, त्यात प्लेटवरचेच कोड.

इंजिनचं थोडक्यात सांगतो कारण आठवलं तरी डोकं फिरतं. इंजिन २.४ लिटरचंच, ओएम ६१६, चालतं पण बरं. पण ह्याच घराण्याचं इंजिन बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या लायसन्सवर आपल्याकडे बनवलं, ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमधून सगळीकडे फिरलं, आणि आमच्यातलं तेच निघालं. फॅक्टरीच्या २४०डी चा इंजिन नंबर ६१६.९१२ ने सुरू होतो, आमच्यावर तसलं काहीच नाही. आरसीवर बदल चढवलेला होता, पण आम्हाला दाखवलेली झेरॉक्स जुन्या आरसीची. आता ती व्हिंटेजची अट आठवा, इंजिन आणि कापलेलं छत धरून २०२९ ला पण ही गाडी व्हीए प्लेटच्या दारात उभी राहणार नाही.

विक्रेत्याला विचारायला गेलो तर साहेब एकदम थंड. "अंकल, चाळीस वर्षांत कोणी काय बदललं मला काय माहीत?" बरं, मग हौसिंगवर पुट्टी कोणी लावली, ती तर ओली असल्यासारखी ताजी होती. "गॅरेजवाल्याने लावली असेल." कार्ड? "मला तसंच मिळालं." मामा काही बोलला नाही, त्याने व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्याचाच मेसेज त्याला दाखवला, ज्यात त्याने स्वतः लिहिलेलं की सनरूफ, एसी, विंडो फॅक्टरीचे, डिफरन्शियल ३.४६, कार्ड ओरिजिनल. तिथे त्याचा चेहरा जरा उतरला. म्हणून सांगतो, फोनवर गोड बोलणाऱ्याला म्हणायचं, भाऊ हेच जरा लिहून पाठवा ना, घरी दाखवायचंय. आमच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढंच कामाला आलं.

म्हापशाच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करून नोटीस पाठवली, पूर्वी ज्याला चारसोवीस म्हणायचो तेच. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर ऑप्शनांच्या दोन लाखांतले एक लाख दहा हजार परत आले, बाकीचे अजून पुढच्या आठवड्यावर आहेत. गाडी मामाने ठेवली. ३.६९ चा डिफरन्शियल कुर्ल्याला एका भंगारवाल्याकडे मिळाला, पैसे देण्याआधी त्याला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून ठोकलेला आकडा दाखवायला लावला आणि दात मोजून घेतले, मामी बाजूला बसून मोजत होती. छत मात्र वेल्डिंग करून बंद करावं लागलं, त्याचा खर्च वेगळा.

लिहायला बसलो त्याचं कारण दुसरंच आहे. मागच्या आठवड्यात मडगावच्या एका ओळखीच्याने मला एका २३०ई च्या कागदांचे फोटो पाठवले, बघून सांग म्हणून, १९८३ ची गाडी, विकणारा पर्वरीचाच. सोबत लॅमिनेट केलेलं डेटा कार्ड. कोड ४१२, ५८०, ५८४, त्याच क्रमाने, रंग ७३७, आणि १९८३ ची असूनही नंबर जुन्या पद्धतीचा, मधे १२. गाडी राइट हँड आहे. ओळखीच्याने टोकन दिलेलं नाही, पण कार्ड अजून फिरतंय, कोणाला दाखवलं तर मधले दोन आकडे आधी बघा आणि रेडिएटरवरची प्लेट पुसायला थिनर घेऊन जा.