रायझन ५ ५६०० : ओव्हरक्लॉक करावा काय?

बेळगावच्या टिळकवाडीत माझा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. तिथे एएमडीचा रायझन ५ ५६०० रोज राबतो. सहा कोर (एकाच वेळी काम करणारे सहा भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी बारा कामं), मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, गरज पडली की स्वतःच ४.४ पर्यंत चढतो, यालाच बूस्ट म्हणतात. यात स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नाही, ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागतं, तेवढं ध्यानात ठेवा. बाकी प्रोसेसर उत्तम आहे, माझ्या कामाला तो पुरून उरतो. पण खानापूर, निपाणीकडची आमच्या धंद्यातली पोरं फोन करतात ती एकच विचारायला, "दादा, ओव्हरक्लॉक करू काय?" म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवू काय.

हिशेब बघा. सगळ्या कोरवर काम पडलं की माझा ५६०० साधारण ४.३ वर चालतो, १.२ व्होल्टच्या आसपास. तोच ४.६ वर बांधायचा तर १.३ व्होल्ट द्यावे लागतात. वेग वाढला सात टक्के, म्हणजे तासाभराचं रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची तयार फाइल काढणं) फार तर चार मिनिटं आधी संपणार. वीज मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने खाल्ली जाते, म्हणून उष्णता जवळपास पाव हिस्सा जास्त. त्यात आमचा सीझन एप्रिल-मेचा. दुपारी पत्र्याखालची खोली भट्टी होते, प्रोसेसरवरचा कूलर गरम हवाच फिरवतो, आणि ९० अंशांवर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. मग त्या चार मिनिटांतलं हाताला काय लागणार?

खरी भीती वेगळीच आहे. मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. वेग वाढवून अस्थिर झालेली रॅम कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरची फाइल कॉपी करताना गुपचूप एखादा बिट चुकवते आणि कोणाला पत्ता लागत नाही. अक्षता एकदाच पडतात, त्याचं शूटिंग परत कुठून आणणार? म्हणून रॅमला हात लावला की आधी मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवायचा, एकही एरर आली तर सेटिंग मागे घ्यायचं. नवीन मदरबोर्डवर ३२०० वेगाची रॅमसुद्धा बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालत असते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. ३२०० पर्यंतची रॅम या प्रोसेसरला एएमडीनेच मान्य केलेली आहे. हा फायदा जवळजवळ फुकटचा, आणि तो सोडून लोक ४.६ च्या मागे लागतात याचं मला वाईट वाटतं.

प्रोसेसरला मी उलटा उपाय करतो. बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) उणे १५. तेवढ्याच वेगाला व्होल्टेज कमी लागतं, मशीन थंड राहतं, बूस्टही जास्त वेळ टिकतो. मात्र जोराच्या टेस्टमध्ये पास झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. हे सेटिंग दगा देतं ते बहुधा हलक्या कामात, मशीन नुसतं बसलेलं असताना. कोअरसायकलर नावाच्या प्रोग्रॅमने एकेक कोर तपासा. प्रत्येक चिप वेगळी, माझा आकडा तुमच्याकडे चालेलच असं नाही.

वॉरंटीचंही बघा. ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवून चिप गेली तर एएमडी वॉरंटी देत नाही, पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवणारं एएमडीचंच सेटिंग) चालू केलं तरी हाच नियम.

मदरबोर्ड बी५५० प्रकारचाच घ्या. ए५२० स्वस्त पडतो, पण पुढे कधी वाटलं तरी त्यावर प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगची सोय एएमडीने ठेवलेलीच नाही. उरलेले पैसे चांगल्या कूलरला आणि यूपीएसला घाला. रेंडर चालू असताना लाइट गेली तर ४.६ काय आणि ४.३ काय!