मफलर नवा बसला, पण कॅट गेलं

माझ्याकडे २००८ ची मित्सुबिशी लान्सर सीडिया आहे. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, ११५ अश्वशक्ती. एकेकाळी देशातल्या रॅलींमध्ये ह्याच गाड्या पुढे असायच्या. त्या वेडापायीच मी ती जुनी गाडी घेतली आणि जिवापाड सांभाळली.

यंदा तिचा मागचा सायलेन्सर सडला. माझा रोजचा फेरा कोल्हापुरातच, राजारामपुरी ते शाहूपुरी एवढाच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाइप पुरता तापायच्या आत गाडी बंद केली तर ते पाणी डब्यातच साठतं आणि पत्रा आतून खातं. कंपनीचा नवा डबा कुठं मिळेना. मग ठरवलं, बदलायचाच आहे तर चांगला स्टेनलेसचा स्पोर्ट्स मफलर बसवू.

हायवेलगत एक दुकान आहे, तिथं गेलो. माणूस गोड बोलायचा. "दादा, ३०४ ग्रेड, इम्पोर्टेड माल. आर्गन वेल्डिंग करून देतो. दहा घोडे वाढतील. आरटीओ पासिंग आहे, काय टेन्शन घेऊ नका." २६,००० ला ठरलं. नुसता मागचा डबा बदलून अशा इंजिनाची ताकद दहा घोड्यांनी वाढत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी गप्प बसलो. मग तो म्हणाला, "तीन तास लागतील, उन्हात कशाला थांबताय, मिसळ खाऊन या." मी गेलो.

परत आलो तेव्हा गाडी धुऊन पुसून ठेवलेली, मागे चकचकीत डबा. पैसे त्यानं सांगितलेल्या मोबाइल नंबरवर पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर वाढतील, कशाला?" जुनं सामान मागितलं तर भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "सडका डबा नेऊन काय करणार?" मी तोही विषय सोडून दिला. माझं लक्ष सगळं नव्या डब्यावर होतं. गाडीखालून काय गेलं, ते मी बघितलंच नाही.

आठवडाभरात डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला. कागलकडे जाताना अडीच हजार आरपीएमला आत अशी घुमघुम व्हायची की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग पीयूसीला गेलो. माझ्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, मशीनवर ०.९ आलं. तपासणाऱ्या पोरानं विचारलं, "कॅट आहे न्हवं गाडीला?" कॅट म्हणजे कॅटालिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग.

उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी वर घेतली. कॅटालिटिक कन्व्हर्टरच्या जागी साधा पाइप होता. त्याला काळा रंग मारून, वरून उष्णता अडवणारा जुनाच पत्रा परत बसवलेला, म्हणजे सहज बघणाऱ्याला कळूच नये. कॅटच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारात त्याचे पैसे येतात. माझ्या गाडीत कॅटच्या मागे धूर तपासणारा दुसरा सेन्सर नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवाही लागला नाही. मिस्त्रींनी मग नव्या डब्याला लोहचुंबक लावलं. ते खटकन चिकटलं. ३०४ ला ते असं चिकटत नाही. बेंडपाशी, जोडापाशी जरासं ओढतं एवढंच. ४०९ ह्या दुसऱ्या स्टेनलेस ग्रेडला चिकटतं, आणि तो माल वाईट नसतो. पण इथं तोही नव्हता. कानस मारल्यावर क्रोम निघालं आणि खाली साधं लोखंड दिसलं.

मी त्या दुकानात परत गेलो. त्याचं उत्तर तयार होतं: "तुमचं कॅट आधीच चोक होतं. तुम्हीच काढा म्हणाला होता." कामाआधी गाडीखालचा एक फोटो काढून ठेवला असता तर त्याला असं बोलता आलं नसतं.

म्हणून कळकळीनं सांगतो. गाडी आत घालायच्या आधी खालून, इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डपासून मागच्या टेल पाइपपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढा. काम होईस्तोवर रॅम्पजवळून हलू नका. कापलेला प्रत्येक तुकडा डिकीत टाकून घरी न्या. खिशात चुंबक ठेवा. आणि "आरटीओ पासिंग"वर विश्वास ठेवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि आवाज-धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तो दुकानदार भरत नाही, आपण भरतो.

मिस्त्रींनी दुसरं कॅट बसवलं आणि मूळ मापाचा, शांत आवाजाचा डबा बनवून दिला. पीयूसी पास झाली. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. "३०४ फुल स्टेनलेस" असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडली आहे. कॅटबद्दलही लिहिलं आहे, पण त्याला जोडायला माझ्याकडे एक कागद नाही.