नाशिकच्या गंगापूर रोडची लॅब: लघवीच्या तपासणीला चार स्टार, जनुकीय पॅकेजला भोपळा

लेकीला सहाव्या वर्षी टाईप वन डायबेटिस निघाला, आता ती बारा वर्षांची आहे. आजार होऊन पाच वर्षं झाली की दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडायला लागली की लघवीत उतरणारं प्रथिन) तपासायचं, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही घराजवळची ही लॅब गाठली. नाव लिहीत नाही.

काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, घरात कुणाला किडनीचा त्रास? मी सांगून बसले की सासूबाई डायबेटिसमुळे शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर होत्या. झालं! लगेच 'जनुकीय धोका' पॅकेजचं रंगीत पत्रक पुढ्यात. लेक शेजारीच उभी होती. घरी येईपर्यंत गप्प, मग म्हणाली, "आई, आजीचं मला पण होणार का?" ती रात्र मी झोपले नाही.

त्यातच पहिला रिपोर्ट ४६ आला. मर्यादा ३० मिलिग्रॅम, क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थाच्या दर ग्रॅममागे. डॉक्टरांनी एकच विचारलं, सॅम्पल कधी दिलं? सकाळी अकराला, गोल्फ क्लब मैदानावरून धावण्याचा सराव आटोपून थेट लॅबमध्ये. व्यायाम, ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, कशानेही हा आकडा फुगतो. पहाटेची पहिली लघवीच हवी. हे लॅबने सांगायला नको होतं का? एक स्टार तिथेच कापला.

पॅकेजचंही डॉक्टरांना विचारलं. आनुवंशिकता खोटी नाही, म्हणाले. १९८९ मध्ये अमेरिकेत डायबेटिस असलेली भावंडं तपासली होती. एकाची किडनी बिघडलेली असेल तर दुसऱ्याचीही बिघडलेली निघाली ८३ टक्के जणांत, नसेल तर १७ टक्के. पण अमुक एक जनुक असला की किडनी गेलीच, असं नसतं. २०१९ मध्ये टाईप वनच्या १९ हजारांवर लोकांच्या अभ्यासात सीओएल४ए३ नावाच्या जनुकातला एक फरक उलट संरक्षण देणारा निघाला, तेही सगळे युरोपीय वंशाचे. आमच्या पंचवटीतल्या पोरीला त्यावरून काय सांगणार? आणि धोका जास्त निघाला तरी करायचं तेच: साखर, रक्तदाब, दरवर्षीची ही तपासणी. १९९३ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये लघवीत अल्ब्युमिन येण्याचा धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला होता. पॅकेजचे पैसे मग ग्लुकोज सेन्सरला लावले. सासूबाईंचा तर टाईप टू होता आणि गोळ्या त्या आठवणीने विसरायच्या, हे पत्रकात कुठे बसतं?

आता चार स्टार कशाचे ते सांगते. पुढची दोन सॅम्पल्स लॅबच्या मुलाने घरून नेली. डिसेंबरच्या थंडीत साडेसहाला कानटोपी घालून दारात हजर, डब्यावर नाव-वेळ स्वतः लिहिली आणि पोर लाजत होती म्हणून मुद्दाम पाठ करून उभा राहिला. दोन्ही रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर: १२ आणि ९. पैसेही पहिल्याइतकेच, घरी येण्याचे वेगळे लावले नाहीत.

पत्रक मात्र अजून काउंटरवर आहे, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मालकांना सांगितलं, "बघतो ताई" म्हणाले. पुढच्या वर्षीची तारीख सोमवारची घेतली आहे. रविवारी मैदानाला सुट्टी असते.