‘रॅम उडाली’ म्हटलं की आधी खोडरबर काढा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातला पीसी ऐन पीकविम्याच्या गर्दीत बंद पडला. पंखा फिरे, दिवा लागे, पण स्क्रीन काळी, आणि आतून थांबून थांबून लांब बीप. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं न उघडलं तोच निकाल दिला, "रॅम उडाली भाऊ, बोर्डबी गेल्यासारखाच हाय." दोन दिवस आणि २,८०० रुपये. बिल नाही. पीसी आला तो रखडतच. आधी रॅमच्या, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीच्या, ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, आता एकच, तीही जुनीच: स्टिकरवर मालकानं केलेली पेनाची खूण तशीच होती. दुसरी ‘खराब’ म्हणून दुकानातच राहिली.

असा लांब बीप बहुतेक वेळा रॅम नीट टेकत नसल्याचा असतो. पट्टीच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही, पण मुलामा फार पातळ, आणि पावसाळ्यातली दमट हवा धुळीला तिथं चिकटवून ठेवते. कापसाच्या हंगामात तर स्लॉटमधून, म्हणजे पट्टी बसते त्या खाचेतून, सरकीची लव निघते.

वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. मग पट्टी काढून पांढऱ्या मऊ खोडरबरानं सोनेरी कड दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा हलकेच पुसा. शाईचा खरखरीत रबर नको, तो मुलामाच खरवडतो. चुरा ब्रशनं झाडा; तोंडानं फुंकर मारली की थुंकीचा ओलावा पट्टीवर जातो. नंतर पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, म्हणून तो नाहीच. स्लॉटसाठी कोरडा मऊ ब्रश पुरे. ट्रॅक्टरच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर मारून आणणारेही आहेत. त्या हवेत पाणी आणि तेल असतं.

पट्टी वाळू द्या, खाच जुळवून दोन्ही टोकांना टिक आवाज येईपर्यंत दाबा. एका वेळी एकच पट्टी, प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवून पाहा. सगळ्या पट्ट्या काढल्यावरही बीप येत असेल तर बोर्ड (मदरबोर्ड) निदान जिवंत आहे, मग ‘बोर्ड गेला’ कोणी म्हटलं तर लगेच मानू नका. (बीपचा छोटा स्पीकर काही पीसीत नसतोच, तेव्हा नुसत्या शांततेवरून बोर्ड मेला असंही ठरवू नका.)

सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एरर आल्या तर बहुतेक पट्टीवरची चिपच गेली आहे. तिथं खोडरबराचं काही चालत नाही, बदलावीच लागते. बदलताना ‘फक्त एएमडीसाठी’ (एएमडी प्रोसेसरच्या पीसीसाठी) असलेली स्वस्त डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची रॅम, कोणी माथी मारेल, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ मध्ये १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्टची ‘एल’ अशा दोन जाती आहेत. ‘एल’ मागणाऱ्या लॅपटॉपला साधी चालत नाही.

दुकानात मशीन देण्याआधी प्रत्येक पट्टीच्या स्टिकरचा फोटो काढा. परत घेताना तिथंच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा: एकूण जीबी आणि वापरातले स्लॉट दिसतात. ८ ऐवजी ७.८ दिसलं तर भांडू नका, तेवढी ग्राफिक्स घेतं. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर पट्टीचा नंबर लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण तिथं दाखवायला हातात बिल लागतं, आणि वरच्या दुकानदाराकडे तेच नव्हतं.